ओटीवरचा हक्क

आमची बाय म्हणायची, एका घरात दोन घरं असतात. उंबऱ्याच्या आतलं आपलं आणि बाहेरलं गावाचं. बाहेरलं म्हणजे ओटी, पडवी आणि पुढचं खळं. तिथे कुणी येऊन टेकलं तर ‘का आलास’ असं विचारायचं नाही. ‘पाणी पायजे का’ एवढंच विचारायचं.

बाय म्हणजे माझ्या वडिलांची आई. पाताळगंगेच्या काठच्या आमच्या घरांत आजीला बाय म्हणायची रीत होती. तिचं वय कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. खोपोलीला टाटांचं वीजघर झालं तेव्हा ती पोटात होती, असं तिची आई तिला सांगायची. ते वीजघर १९१५ साली सुरू झालं, त्यावरून आम्ही हिशेब मांडायचो. लोणावळ्याच्या तलावांत साठलेला पाऊस नळांतून घाट उतरतो, खोपोलीला चक्रं फिरवतो आणि मग आमच्या नदीला येऊन मिळतो. म्हणून वैशाखात ओढेनाले आटले तरी पाताळगंगा वाहती राहते. बाय त्याला ‘टाटाचं पाणी’ म्हणायची. वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली, पाणी आमच्या वाट्याला आलं. घरात कंदील मात्र पुढे कितीतरी वर्षं जळत होते, आणि त्यांच्या काचा राखेनं पुसायचं काम आम्हा पोरींकडे होतं.

आमचं घर साध्या शेतकऱ्याचं. वाडा म्हणण्याइतकं मोठं नव्हतं, पण लाकूड दणकट होतं. खांब सागाचे, तुळया ऐनाच्या, खुंट्या खैराच्या. लोखंडाचा खिळा शोधूनही सापडला नसता. एका लाकडाला कुसू, दुसऱ्याला त्याच्या मापाचं भोक, आणि आरपार खैराची खुंटी ठोकली की झालं. प्रत्येक खांबाखाली घडीव दगडाचा उथळा, म्हणजे लाकडाचा मातीशी संबंध नाही आणि वाळवीला वर चढायला वाट नाही. आतल्या भिंती कारवीच्या कुडाच्या, दोन्हीकडून शेणामातीनं लिंपलेल्या. भिंतींवर छपराचं ओझं नव्हतंच. सगळा भार खांब आणि तुळया वाहायच्या, भिंती नुसत्या आडोशाला. हे मला शाळेतल्या पुस्तकात नाही, १९८९च्या पुरात कळलं, पण ते पुढे सांगते.

लाकूड कुठून आणलं याच्या दोन गोष्टी होत्या. आजोबा म्हणायचे, माणिकगडाच्या पायथ्याच्या रानातून. बाय म्हणायची, कसलं माणिकगड, कर्जतच्या बाजूनं बैलगाड्यांवरून आलं आणि तिच्या सासऱ्यांनी त्यासाठी भाताच्या दोन कणग्या मोकळ्या केल्या. दोघंही आपापल्या गोष्टीवर ठाम होते आणि आता विचारायला दोघंही नाहीत. एका बाबतीत मात्र त्यांचं एकमत होतं. झाडं थंडीत, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडली होती, कारण चांदण्यात तोडलेल्या लाकडाला भुंगा लागतो. शास्त्र काय म्हणतं ते शास्त्र जाणे, पण त्या खांबांना मी कधी भोक पाहिलं नाही.

भुंगा न लागण्याचं बायचं स्वतःचं कारण निराळं होतं. “घराला धूर पायजे पोरी. धूर गेला का लाकूड गेलं,” असं ती चुलीत फुंकर घालता घालता सांगायची. पहाटे चूल पेटायची ती रात्री भाकऱ्या होईस्तोवर. धूर माजघरातून वर माळ्यावर जायचा, वाशांवर रेंगाळायचा आणि कौलांच्या फटींतून निघून जायचा. चार महिने आभाळ फाटल्यासारखा कोसळणारा आमच्याकडचा पाऊस, ओल अशी की कपाटातल्या साड्यांना बुरशी यायची. पण माळ्यावरचे वासे कोरडे आणि काळे कुळकुळीत. त्या काजळीला हात लावला तर बोटं दोन दिवस काळी राहायची. माळ्यावर आंबोशी, सुकट, बियाण्याची भोपळ्याची फळं, वालाच्या मडक्या, सगळं त्याच धुरात टिकायचं. घर आणि अन्न दोन्ही एकाच चुलीवर जगत होतं.

ओटीवर कोण कोण यायचं! पहाटे वासुदेव, सुगीनंतर नंदीबैलवाला. देवी टोचायला सरकारी माणूस आला की गावातली सगळी पोरं आमच्याच ओटीवर जमून एका सुरात रडायची. तलाठी दप्तर घेऊन बसायचा. मृगाच्या आधी कातकरणी शेवळांच्या जुड्या घेऊन यायच्या, पावसाळ्यात चिंबोऱ्या आणायच्या आणि बदल्यात तांदूळ घेऊन जायच्या. बाय शेवळांत काकडं टाकायला कधी विसरायची नाही, नाहीतर घसा खाजतो. आणि वर सुकी करंदी असली तर त्या दिवशी भाकऱ्या कमी पडायच्या. लग्नाची बोलणी ओटीवर, बांधाच्या भांडणाचा निवाडा ओटीवर, सप्ताहाच्या वर्गणीचा हिशेबही ओटीवर. थंडीत खळ्यात पोपटी लागायची. मडक्यात खाली-वर भांबुर्डीचा पाला, मधे वालाच्या शेंगा, मीठ, ओवा आणि भोवती पेंढ्याचा जाळ. मडकं फोडेपर्यंत निम्मं गाव ओटीवर येऊन बसलेलं असायचं, कुणाला बोलावणं गेलेलं नसतानाही.

बायचा एक भाऊ कर्जतकडे राहायचा. त्याला सही करता यायची, आणि पेपर वाचता यायचा याचा त्याला फार अभिमान. तो सांगायचा, भाई कोतवालांच्या शाळेत मी अक्षरं शिकलो. माथेरानला १९१२ साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल वकील झाले आणि शहरात वकिली थाटायची सोडून कर्जत तालुक्यातल्या शेतकऱ्या-आदिवासींसाठी राबले. गावोगाव स्वयंसेवकांच्या शाळा काढल्या, सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून धान्याच्या कोठ्या उघडल्या. बेचाळीसच्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्त्यानं मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ला सिद्धगडच्या रानात ते आणि हिराजी पाटील गोळीबारात मारले गेले. मामाआजोबांची शाळा कुणाच्या तरी पडवीत भरायची. पडवी कुणाची, ते त्यांच्या सांगण्यात दर वेळी बदलायचं. कधी पाटलांची, कधी कुणा वाण्याची. एक मात्र दर वेळी तसंच असायचं: शाळेला इमारत नव्हती, पण कुणीतरी पडवी दिली, आणि देणाऱ्याला आपण काही दिलं असं वाटलंही नाही.

मग कंपनी आली. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली आणि तिच्या कारखान्यासाठी मोहोपाड्याच्या आसपासची जमीन गेली. आमच्या मुलखाचं नावच त्या कारखान्यावरून पडलं, रसायनी. स्टेशनवर तीच पाटी, पोस्टाचा शिक्काही तोच. बाय मरेपर्यंत मोहोपाडाच म्हणायची. माझे वडील आणि काका दोघंही कारखान्यात लागले. भातशेतीवर वर्षातून एकदा पैसा दिसणाऱ्या घरात दर महिन्याला पगार येऊ लागला, आणि त्याचं सुख मी नाकारणार नाही. आईच्या अंगावर पहिल्यांदा रेशमी साडी त्या पगारातून आली. माझं शिक्षणही त्यातूनच झालं. पण भोंग्यावर जाणाऱ्या माणसाला ओटीवर बसायला वेळ नसतो. शिफ्ट सुटली की झोप. हळूहळू गावात स्लॅबची घरं झाली. त्यांना पुढे ग्रिल आली. ग्रिलला कुलूप आलं.

आमचं घर तेव्हा जुनाट ठरलं होतं. काका पाडायच्याच बेतात होते. आणि मग २४ जुलै १९८९ उजाडला. त्या दिवसाचा पाऊस रायगडातला माणूस विसरलेला नाही. तिकडे अंबा नदीनं जांभूळपाडा गाव धुऊन नेलं, इकडे पाताळगंगेच्या काठचा रिलायन्सचा मोठा कारखाना पाण्याखाली गेला. आमच्या घराचं जोतं उंच. खालच्या आळीतली माणसं पोरांना खांद्यावर घेऊन आमच्याकडे आली आणि आमच्याच घरात असल्यासारखी माळ्यावर चढली. पाणी जोत्यावर आलं, ओटीवर आलं, माजघरात शिरलं. कुडाची माती विरघळून गेली, कारव्या उघड्या पडल्या, दोन भिंती बसल्या. छप्पर हललं नाही. उथळ्यांवर खांब, खांबांवर तुळया आणि त्यांच्या वर माळ्यावर दाटीवाटीनं बसलेलं निम्मं गाव. बायनं वर चढताना तांदळाचा डबा, गूळ आणि काडेपेटी तेवढी घेतली होती. ती म्हणे रात्रभर पोरांना गुळाचा खडा देत होती आणि ‘खांब आपले हायेत, भिऊ नका’ असं सांगत होती. मी तेव्हा तिथे नव्हते, शहरात होते. हे सगळं मला आईनं आणि शेजारणींनी पुढे इतक्यांदा सांगितलं की माळ्यावरच्या त्या ओल्या घोंगड्यांचा वास मला स्वतःच्या आठवणीतला वाटतो.

पाणी ओसरल्यावर भिंती पुन्हा लिंपल्या. गावानंच लिंपल्या. घर पाडायचं पुढे बरीच वर्षं कुणी बोललं नाही.

बायचं माहेर गागोद्याच्या बाजूचं. खोपोलीहून पेणला जाणाऱ्या रस्त्यावर, पेण तालुक्यात गागोदे बुद्रुक आहे. तिथे ११ सप्टेंबर १८९५ला विनायक नरहर भावे जन्मले, पुढे गांधीजींच्या आश्रमात विनोबा झाले. बायच्या माहेरात त्या घराला भाव्यांचा वाडा म्हणायचे. बायची आजी वाटेनं जाताना त्या ओटीवर टेकायची आणि तिला तिथे पाणी आणि गूळ मिळायचा, असं बाय सांगायची. बायची आजी आणि विनोबांची आई एका काळातल्या असाव्यात, तेव्हा पाणी कुणाच्या हातचं होतं याचा अंदाज बांधायला मला फार आवडतं. बायनं मात्र कधी तसा दावा केला नाही. “कुणीतरी दिलं, पाणी ते पाणी,” एवढंच.

विनोबांनी त्या घराच्या आठवणी पुढे पुष्कळ सांगितल्या आहेत. त्यांचे आजोबा शंभूराव मोठे व्रतस्थ. चांद्रायण करायचे, चंद्रकलेबरोबर घास वाढवायचे आणि कमी करायचे. रात्री चंद्र उगवला की पूजा. तेव्हा लहानग्या विन्याला झोपेतून उठवून आरतीला बसवायचे आणि प्रसाद द्यायचे. गणपतीला घरातली मुलं चंदन उगाळायची आणि त्या उगाळलेल्या चंदनाची मूर्ती व्हायची. वडील नरहरराव बडोद्याला, विणकाम शिकलेले, नव्या विचारांचे. घर चालायचं ते आई रुक्मिणीबाईंवर. तुळशीला पाणी घातल्याशिवाय मुलाला खायला मिळायचं नाही. झाडावरचा फणस उतरला की पहिला गरा घरात नाही, आधी आळीत वाटायचा, आणि वाटायला मुलांनाच पाठवायचं. फणस आमच्याकडेही वाटायचे, अजूनही वाटतात. एवढं मोठं फळ एका घरात संपत नाही हेही खरंच आहे. पण आधी वाटायचा आणि मग खायचा, हा क्रम ठेवायला घरात कुणीतरी रुक्मिणीबाई लागते.

त्या घरात एक आंधळे काका होते. मुलं त्यांना काकाच म्हणायची, घरात त्यांना मानही काकाचाच. पुढे कुटुंब बडोद्याला गेल्यावर काका वारल्याचं पत्र आलं. घरात सुतक पाळलं नाही, आंघोळी झाल्या नाहीत. विन्यानं आईला कारण विचारलं, तेव्हा कळलं की ते नात्यातले नव्हतेच. कुणी आधार नसलेला एक म्हातारा घरात आला आणि राहिला. इतकी वर्षं जेवणाच्या पंक्तीत, निजण्याच्या जागेत, हाकेत कुठेही मुलांना तो परका असल्याचं जाणवलं नव्हतं. बायनं सांगितलेल्या दोन घरांतलं हे तिसरंच काही. ओटीवरचा माणूस उंबरा ओलांडून आत आला आणि आतला होऊन गेला.

भूदानाचा विचार करताना मला नेहमी हे काका आठवतात. १८ एप्रिल १९५१ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलितांनी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर द्यायचं कबूल केलं, तिथून ती यात्रा सुरू झाली. पुढे विनोबा गावोगाव जमीनदारांना सांगत फिरले की तुम्हाला पाच मुलं असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. इतिहासाची पुस्तकं याला गांधीविचार म्हणतात, अर्थतज्ज्ञ त्यातली उणीदुणी काढतात. मिळालेली बरीच जमीन खडकाळ होती, बरीच कागदावरच राहिली, हे खरं आहे. पण परक्या म्हाताऱ्याला घरचा काका समजणं ज्यानं पाचव्या-सहाव्या वर्षी पाहिलं, त्याला परक्याच्या घरातला सहावा मुलगा होणं अवघड कसं वाटावं? माझ्या मते भूदान गागोद्याच्या त्या माजघरात आधी झालं होतं.

आईला संस्कृत गीता कळेना, मराठी समजेल अशी मिळेना, तेव्हा ती मुलाला म्हणाली, तूच का नाही लिहीत? ती १९१८च्या साथीत गेली. ‘गीताई’ छापून आली १९३२ साली, ज्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. माझ्या आईकडे ‘गीताई’ची खिशात मावेल एवढी प्रत होती. कव्हर फाटलेलं, त्यावर जुन्या कॅलेंडरचा कागद चढवलेला. कारखान्यात पहिल्या पाळीला जाणाऱ्या नवऱ्याचा डबा भरताना ती पुटपुटत असायची. ती प्रत आता माझ्याकडे आहे.

गागोद्याचं ते घर आज कुणा एका कुटुंबाचं राहिलेलं नाही. विनोबांच्या विचारांवर जीव असलेली माणसं ते सांभाळतात, त्याचा आश्रम झाला आहे. लांबून लोक येतात, मुलं येतात, प्रार्थना होते. मी गेले तेव्हा ओटीवर बसले. खांबाला पाठ टेकली. तिथल्या एका बाईंनी आधी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मग मी कुठली, कशासाठी आले ते विचारलं. वर कौलं, लाकडाला हातांनी आलेली झळाळी. घरातल्या माणसांनी घर सोडलं आणि तरीही घरात माणसं राहिली, याचं मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

आमच्या दुसऱ्या अंगाला, कर्नाळ्याच्या पायथ्याकडे शिरढोण आहे. तिथल्या वाड्यात वासुदेव बळवंत फडके ४ नोव्हेंबर १८४५ला जन्मले. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. पुण्याला लष्करी हिशेबखात्यात नोकरी करता करता त्यांनी वामनराव भावे आणि लक्ष्मणराव इंदापूरकरांच्या जोडीनं शाळा काढली, तीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. मग दुष्काळ पाहिला, रामोशांना जमवून इंग्रजांविरुद्ध उठाव केला, १८७९च्या जुलैत पकडले गेले आणि एडनच्या तुरुंगात १७ फेब्रुवारी १८८३ला संपले. तोही वाडा आज स्मारक म्हणून जपला आहे. आमच्या शाळेची सहल तिथे गेली होती, आणि मला आठवतंय ते फक्त शिक्षकांनी आम्हाला पायातल्या चपला बाहेर काढायला लावल्या होत्या आणि परत निघताना एका मुलीची चप्पल सापडत नव्हती. इतिहास मी मोठी झाल्यावर वाचला. पण त्या जमिनीचा गारवा तळव्यांना अजून आठवतो.

ही दोन घरं वाचली ती त्यांतल्या माणसांच्या नावामुळे. आमच्यासारख्यांच्या घरांना असलं नाव नसतं. बाय गेली, मग आजोबा गेले, चुलत्यांच्या वाटण्या झाल्या. सात-बाऱ्यावर नावं वाढत गेली आणि कौलं चाळायला माणूस मिळेना. गॅस आल्यावर चूल मागच्या पडवीत गेली आणि मग विझलीच. माळ्यावर धूर जायचा थांबला. चार-पाच पावसाळ्यांत वाशांखाली पिवळा भुसा पडायला लागला. ज्या लाकडाला पुरानं हलवलं नाही ते रिकामेपणानं खाल्लं. एका व्यापाऱ्यानं चांगले खांब आणि तुळया घनफुटावर मोजून नेल्या. जुन्या सागाला आता मोठा भाव आहे. कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर उभ्या राहणाऱ्या फार्महाऊसांत तो शोभेला लावतात. आमच्या ओटीचा खांब कुठल्या तरी पोहण्याच्या तलावाशेजारी उभा असेल. त्याला टेकून कुणी बसत असेल तर माझी तक्रार नाही.

म्हणून मला आत्याच्या घराचं अप्रूप. आत्या नदीपलीकडच्या गावात दिलेली. घर आमच्यासारखंच, किंबहुना जरा मोठं. मुलं नव्या मुंबईला, नवरा गेलेला, ती आणि एवढं घर. गावातल्या अंगणवाडीला जागा नव्हती, पोरं देवळाच्या पायऱ्यांवर बसत होती. आत्यानं पोरांना ओटी दिली. कागद नाही, भाडं नाही. मुलांनी विचारलं, आई, असं कसं देऊन टाकलंस? ती म्हणाली, ओटी माझी कधी होती? पुढे पडवीत वाचनालयाचं कपाट आलं, माजघरात बचतगटाच्या बायकांची बैठक सुरू झाली, कणगीच्या खोलीत गावच्या जुन्या भातांचं बियाणं मडक्यांत भरून ठेवलं. आत्या गेल्यावर मुलांनीही ते तसंच राहू दिलं, आणि त्यासाठी मी त्या भावंडांची कायमची ऋणी आहे. विकलं असतं तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती.

अंगणवाडी म्हटलं की सरकारी योजना डोळ्यांपुढे येते, १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेली. पण त्याच्या कितीतरी आधी, १९४५ साली, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हेच काम वाढलं. म्हणजे अंगणवाडीचं मूळच कुणाच्या तरी घरापुढच्या अंगणात आहे. आत्याच्या ओटीवर ती शोभते ती उगीच नाही.

घर वापरात आणताना थोडे बदल करावे लागले. ओटीला पोरं पडू नयेत म्हणून लाकडी कठडा आला. संडास बांधला. वीजवाल्यानं तुळईला भोक पाडायला घेतलं तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या सुतारानं त्याचा हात धरला आणि वायर तुळईच्या कडेनं फिरवायला लावली. कौलं दर मे महिन्यात चाळतात, त्यासाठी बचतगट वर्गणी काढतो. काही तरुणांचं म्हणणं होतं की कौलं काढून पत्रे टाकू, दरवर्षीची कटकट नको. सुतार म्हणाला, पत्र्याखाली पोरं भाजतील आणि पावसात बाईंचा आवाज पोरांना ऐकू जाणार नाही. पत्र्याचा विषय तिथेच संपला.

भुंग्याचा प्रश्न मात्र तिथेही आला. पोरांची खिचडी गॅसवर शिजते, चूल नाही, धूर नाही. दोन पावसाळे गेले आणि माळ्याच्या एका वाशाखाली भुसा दिसला. सेविकाताईंनी औषध मारायचं ठरवलं, पण लहान मुलं जिथे झोपतात तिथे विषारी औषध कसं मारायचं? शेवटी सुतारानं बायचंच वाक्य सांगितलं. त्यानं बायला कधी पाहिलंही नव्हतं. त्याच्या आज्याकडून त्याला आलं होतं. मागच्या पडवीत, जिथे आत्याची चूल होती तिथेच, नवी चूल घातली. आठवड्यातून एकदा ती पेटवायची, वर कडुलिंबाचा ओला पाला टाकायचा आणि माजघराचं दार उघडं ठेवायचं म्हणजे धूर माळ्यावर जातो. बचतगटाच्या बायका त्याच जाळावर वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या करतात, आणि वाचनालयात पेपर वाचायला आलेल्या म्हाताऱ्यांना त्यातलं ताट मिळतं. मी सेविकाताईंना विचारलं, धुराचा त्रास पोरांना होत नाही का? त्या म्हणाल्या, “छे हो, शनिवारी करतो, दुपारी पोरं घरी गेल्यावर. तुम्ही येताना शनिवारीच या, आणि आंबोशी असली तर घेऊन या, बिरड्यात टाकायला आमच्याकडची संपली.”